साधी राहणी कुणाची आणि कुणासाठी?

‘साधी राहणी, उच्च विचारसरणी’ हे सुवचन भिंतीवर न रंगवलेली शाळा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. आपल्या घरातली मुलेही ते पाठ करीत मोठी झाली. पण हेच सुवचन कोणी आपल्या आजीला किंवा पणजीला वाचून दाखवले असते, तर तिने काय उत्तर दिले असते? एका लुगड्यावर वर्ष काढणे, शिळ्या भाकरीवर दिवस ढकलणे आणि भरल्या विहिरीपाशी उभे राहून दुसऱ्याने वरून पाणी वाढण्याची वाट पाहणे, ही तिची राहणी होती. तीत साधेपणा भरपूर होता. फक्त तो तिने निवडलेला नव्हता.

म्हणूनच बाबासाहेबांनी आपल्या समाजाला गरिबीचे कौतुक करायला कधी शिकवले नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांना सांगितले, की जातीची खूण पटेल असे लुगडे नेसणे आणि तसले दागिने घालणे सोडा, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा. स्वतः ते नीटनेटक्या कोट-पँटमध्ये वावरत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी खेड्याच्या गोडव्यांवरही कठोर टीका केली. खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे घर आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यांचे ऐकून आपल्या आधीच्या पिढ्यांनी गाव सोडले. मुंबईच्या चाळी, पुण्याच्या वस्त्या, रेल्वे, गिरण्या आणि दारूगोळा कारखाने जवळ केले. त्यातून आजची शिकलेली घरे उभी राहिली.

मग प्रश्न पडतो, की सुखवस्तू देशातली शिकलेली माणसे आपण होऊन आपल्या खेड्यात साधेपणाने राहायला येतात, त्यांच्याकडे आपण कसे पाहायचे? त्यांचे कौतुक करावे, की त्यांना हसावे? हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. अशा दोन बायका आपल्या पश्चिम महाराष्ट्रात येऊन राहिल्या, आणि त्यांनी या सुवचनाला वेगळा अर्थ दिला.

स्वस्ताई शोधणारे पाहुणे

परदेशातून येऊन आपल्याकडे ‘साधे’ राहणाऱ्यांचे एक रूप आपल्या ओळखीचे आहे. साठ-सत्तरच्या दशकांत गोव्याच्या हणजुण्याच्या किनाऱ्यावर गोरी तरुण मुले झोपड्यांत राहू लागली. १९७४ साली पुण्यात कोरेगाव पार्कला रजनीशांचा आश्रम सुरू झाला, तेव्हा भगव्या झग्यांतले परदेशी स्त्री-पुरुष रस्तोरस्ती दिसू लागले. आजही अनेकजण उष्ण देशातल्या एखाद्या खेड्यात घर घेतात, नारळीच्या सावलीत राहतात आणि कमी पैशात सुखी जगण्याचे गोडवे गातात.

यात गुन्हा काही नाही. पण हा हिशेब नीट समजून घ्यावा. ज्याच्या खिशात डॉलर किंवा पौंड आहे त्याला खेडे स्वस्त वाटते, कारण त्या खेड्यातल्या मजुराचा रोज कमी असतो. पाऊस पडला नाही, तर पाहुणा परत जातो. आजारी पडला, तर विमानाने जातो. परतीचे तिकीट जवळ असले की कंदिलाचा उजेडही रम्य वाटतो. शेजारच्या घरात तोच कंदील मुलाच्या अभ्यासाच्या आड येत असतो.

आम्ही ज्या दोन बायकांबद्दल लिहीत आहोत, त्यांनी परतीची वाट आपल्या हाताने बंद केली. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. तरीही मॅक्सीन बर्नसन यांनी १९७८ साली आणि गेल ऑम्व्हेट यांनी १९८३ साली भारताचे नागरिकत्व घेतले. जगात ज्या पासपोर्टासाठी रांगा लागतात तो सोडून दुष्काळी भागातल्या रेशनकार्डावर नाव घालायचे, हा निर्णय हौसेने होत नाही.

कासेगावची सून

पुण्याहून बंगलोर रस्त्याने कराड ओलांडले, की सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात कासेगाव लागते. कृष्णाकाठचा हा उसाचा मुलूख. बेचाळीसच्या चळवळीत नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे कार्यकर्ते याच भागात भूमिगत राहून लढले. बाबूजी पाटणकर आणि त्यांच्या पत्नी इंदूताई हे त्यांपैकीच. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत बाबूजींची हत्या झाली. इंदूताईंनी मुलगा भरत याला वाढवले. तो डॉक्टर झाला आणि दवाखाना थाटण्याऐवजी चळवळीचा पूर्णवेळ कार्यकर्ता झाला. गेल या घरात सून म्हणून आल्या आणि शलाका पाटणकर झाल्या.

गेल यांचा जन्म २ ऑगस्ट १९४१ चा, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिस शहरातला. हिवाळ्यात बर्फाने झाकला जाणारा तो प्रदेश. १९६३ साली त्या पहिल्यांदा भारतात आल्या. सत्तरीच्या सुरुवातीला पुन्हा आल्या त्या संशोधनासाठी. विषय होता महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळ, काळ १८७३ ते १९३०. म्हणजे महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला तिथपासूनचा. त्या काळात विद्यापीठांतल्या अभ्यासकांना हा विषय फारसा मोलाचा वाटत नव्हता. जुनी मराठी वर्तमानपत्रे, पत्रके आणि पुस्तिका वाचल्याशिवाय तो उलगडणार नव्हता. गेल यांनी मराठी शिकून ती वाचली. १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथून त्यांना पीएच. डी. मिळाली, आणि १९७६ साली तो प्रबंध पुस्तकरूपाने आला. मराठीत तो ‘वासाहतिक समाजातील सांस्कृतिक बंड’ या नावाने वाचायला मिळतो.

एवढ्या पदवीवर अमेरिकेत प्राध्यापकी मिळाली असती. त्यांनी कासेगाव निवडले. लेखन, अभ्यासवृत्त्या आणि वेळोवेळी केलेले अध्यापन यांवर त्यांचे चालले. पुणे विद्यापीठात फुले-आंबेडकर अध्यासनाच्या प्राध्यापक म्हणूनही त्यांनी काम केले. पण घर म्हणायचे ते कासेगावच. ‘दलित आणि लोकशाही क्रांती’ हा विषय मांडणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९९४ साली आला, भारतातील बौद्ध धम्मावरचा २००३ साली आणि बाबासाहेबांचे चरित्र २००४ साली. जगभरच्या विद्यापीठांत वाचली जाणारी ही पुस्तके लिहिणारी बाई एका वाळवेकर सासूची सून होती, हे परदेशातल्या किती वाचकांना ठाऊक असेल!

ही सासूही साधी नव्हती. इंदूताई आणि गेल या दोघी परित्यक्ता स्त्रियांच्या लढ्यात बरोबरीने उतरल्या. नवऱ्याने टाकलेल्या बाईचे नाव ना सासरच्या रेशनकार्डावर, ना माहेरच्या. तिला स्वतःच्या नावाचे कार्ड हवे, राहायला जागा हवी आणि कसायला जमिनीचा तुकडा हवा, अशा मागण्या घेऊन स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. आमच्या घरोघरच्या सासू-सुनांनी ही जोडी डोळ्यांपुढे आणून पाहावी.

पाण्यात सर्वांचा वाटा

कासेगावची जमीन कृष्णेने भिजलेली, तर जवळच्याच खानापूर आणि आटपाडी तालुक्यांत पाण्याचा ठणठणाट. १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला. या दुष्काळी तालुक्यांतले कितीतरी गिरणी कामगार गावाकडे परतले, आणि गावात पाणी नाही हे त्यांना नव्याने टोचू लागले. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ सुरू झाली. १९८० साली स्थापन झालेले श्रमिक मुक्ती दल आणि भरत पाटणकर तिच्याशी जोडलेले होते. येरळा नदीच्या पात्रातली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोक म्हणाले, वाळू आमच्या नदीची, तिचा पैसाही आमच्या पाण्यासाठी लागला पाहिजे. वाळूच्या उत्पन्नातून, श्रमदानातून आणि हितचिंतकांच्या मदतीतून तांदुळवाडी-बलवडीजवळ बळीराजा धरण बांधले गेले.

या धरणाच्या पाण्याची वाटणी आपल्यासाठी विशेष मोलाची आहे. पाणी जमिनीच्या मापाने न देता प्रत्येक कुटुंबाला सारखे द्यायचे, आणि ज्याला जमीनच नाही त्यालाही त्याचा वाटा असायचा, असे तत्त्व तिथे धरले गेले. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क मागितला. येरळेकाठी भूमिहीनाने पाण्याच्या मालकीतला वाटा मागितला. पुढे कृष्णा खोऱ्यातल्या दुष्काळी तालुक्यांच्या समन्यायी पाणीवाटपाच्या लढ्यात हीच मागणी मोठी झाली.

आणि इथेच गेल यांच्या साधेपणाचा कस दिसतो. १९९९ साली लेखिका अरुंधती रॉय यांनी नर्मदेवरच्या मोठ्या धरणांविरुद्ध लिहिले, तेव्हा गेल यांनी त्यांना जाहीर पत्र लिहून मतभेद नोंदवला. विस्थापितांना न्याय मिळालाच पाहिजे, याबद्दल त्यांचे दुमत नव्हते. पण कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी हवे आहे, त्यालाही आजच्या जगातल्या सोयी हव्या आहेत, त्याने आहे तसेच राहावे असे इतरांनी ठरवू नये, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. त्या पत्रावर पुष्कळ वाद झाला, आणि आजही दोन्ही बाजूंनी बोलणारे भेटतात. आम्हाला त्यात एक गोष्ट दिसते. स्वतः खेड्यात साधेपणाने राहणारी ही बाई, इतरांवर साधेपणा लादायला तयार नव्हती.

२५ ऑगस्ट २०२१ रोजी वयाच्या ऐंशीव्या वर्षी गेल यांचे निधन झाले, तेही कासेगावातच.

शुद्ध भाषेची पेठ आणि फलटणची बोली

दुसरी कथा सांगण्याआधी पुण्याच्या सदाशिव पेठेत थोडे थांबायला हवे. पुस्तकी मराठी म्हणजे ‘सदाशिवपेठी मराठी’, असे आपण थट्टेने म्हणतो. या थट्टेत इतिहास आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या ‘निबंधमाले’त महात्मा फुल्यांच्या लेखनाची आणि त्यांच्या व्याकरणाची टर उडवली होती. त्याच चिपळूणकरांनी मित्रांसह १८७८ साली चित्रशाळा छापखाना काढला. काळाने मग आपला न्याय केला. सदाशिव पेठेत चित्रशाळेच्याच नावाच्या इमारतीत प्रा. विलास वाघ आणि उषाताई वाघ यांच्या सुगावा प्रकाशनाने बस्तान बसवले, आणि ज्यांच्या व्याकरणाला हसले गेले त्या फुल्यांच्या विचारांची पुस्तके तिथून गावोगाव गेली. विलास वाघ मार्च २०२१ मध्ये गेले, पण त्या जिन्यावरून पुस्तकांचे गठ्ठे उतरवून नेणारे कार्यकर्ते अनेकांना आठवत असतील.

मॅक्सीन बर्नसन भाषाशास्त्र शिकल्या होत्या. त्यांचा जन्म १९३५ चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला, घराणे मूळचे नॉर्वेचे. १९६१ साली त्या हैदराबादला एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला आल्या. पुढे संशोधनासाठी ठिकाण निवडायची वेळ आली, तेव्हा त्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणला गेल्या. फलटण तालुक्याचे गाव, जुन्या संस्थानाची राजधानी. आजूबाजूचा मुलूख पावसाच्या छायेतला. या गावाला एका अमेरिकन बाईची ओळख आधीपासून होती. कमला निंबकर मूळच्या अमेरिकेच्या. लग्न करून त्या भारतात आल्या आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे भारतातले पहिले विद्यालय सुरू केले. त्यांचे चिरंजीव फलटणला शेती-संशोधनात रमले होते.

मॅक्सीनबाईंनी अभ्यासाला घेतली ती फलटणची बोली. एकाच गावात वेगवेगळ्या जातींची, कमी-जास्त शिकलेली माणसे कशी वेगवेगळी बोलतात, कोण ‘पाणी’ म्हणतो, कोण ‘पानी’ म्हणतो, याची नोंद करायची आणि त्यात चूक-बरोबर न पाहता भाषेचे नियम शोधायचे. या प्रबंधावर १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. दिली. जय निंबकर यांच्याबरोबर त्यांनी परभाषिकांसाठी मराठी शिकवणारी पाठ्यपुस्तकेही तयार केली.

प्रबंध झाला. इथे बहुतेक अभ्यासक सामान बांधतात. मॅक्सीनबाई राहिल्या. फलटणच्या दलित वस्तीतली मुले शाळेत नाव असूनही जात नव्हती, आणि गेली तरी टिकत नव्हती. १९७८ साली त्यांनी अशा मुलांसाठी ‘आपली शाळा’ नावाचे वर्ग सुरू केले. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन झाली, आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा. वेगवेगळ्या जातींची आणि थरांची मुले एका बाकावर बसावीत, हा तिच्यामागचा विचार.

त्यांच्या शिकवण्याचे सूत्र आपल्या प्रत्येक घराने समजून घ्यावे असे आहे. मूल घरून जी भाषा घेऊन येते ती त्याची शिदोरी आहे. ‘मला पानी पायजेल’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसले, की ते मूल तोंड मिटते, आणि तोंड मिटलेले मूल वाचायला शिकत नाही. म्हणून आधी त्याला बोलू द्यायचे, त्याच्या बोलण्यातले शब्द फळ्यावर लिहायचे. मुळाक्षरे ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत घोकून घेण्याऐवजी थोडी अक्षरे आणि एक-दोन काने-मात्रा घ्यायच्या, आणि त्यांतून लगेच अर्थाचे शब्द वाचू द्यायचे. गोष्टी ऐकवायच्या, गोष्टीची पुस्तके हाताळू द्यायची. प्रमाण मराठी शिकवायचीच, कारण परीक्षेला आणि नोकरीला ती लागते. पण घरच्या बोलीचा अपमान करून ती शिकवायची नाही. या कामाचा अनुभव पुढे जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंतही पोचला. उतारवयात मॅक्सीनबाई हैदराबादला गेल्या, त्याही मुलांना वाचते करण्याच्याच कामासाठी. फलटणची शाळा चालूच राहिली.

विचार करा. ज्या भाषेला आपल्या बाजूच्या पेठेने दीडशे वर्षांपूर्वी अशुद्ध ठरवले, तिला नियम आहेत हे मिशिगनच्या एका बाईने फलटणला राहून दाखवले.

उघडी दारे आणि बंद दारे

आता आपल्या मुलांकडे वळू. आजची सदाशिव पेठ स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांनी भरलेली आहे. बीड, नांदेड, हिंगोली, बुलढाणा, सोलापूर अशा जिल्ह्यांतली मुले-मुली तिथे कॉटवर राहतात, मेसमध्ये जेवतात, पहाटेपासून अभ्यासिकेत बसतात. घरी बापाने जनावर विकलेले असते, आईने बचत गटाचे कर्ज काढलेले असते. साधी राहणी म्हणाल तर ही मुले रोज जगतात. त्यांतली आपली मुलेही पुष्कळ आहेत. आणि खोली पाहायला गेल्यावर भाड्याआधी आडनाव विचारले गेले, हा अनुभव आमच्यापाशी सांगणारे आजही भेटतात. १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नव्हती. शंभर वर्षांनीही तो प्रश्न पुरता मिटलेला नाही.

गोऱ्या कातडीच्या पाहुण्याला मात्र खेड्यातले कुठलेही दार उघडते. वाड्यातही त्याला चहा मिळतो आणि वस्तीतही. परदेशातून आलेल्या माणसाचा हा मोठा लाभ आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पाहायचे ते एवढेच, की त्या उघड्या दारातून आत गेल्यावर त्याने काय केले. गेल यांनी त्याचा उपयोग फुले-आंबेडकरांचा इतिहास जगापुढे मांडण्यासाठी आणि पाण्याच्या, परित्यक्तांच्या लढ्यासाठी केला. मॅक्सीनबाईंनी तो वस्तीतल्या मुलाला वर्गात मानाने बसवण्यासाठी केला. दोघींनी आपल्यापुरत्या गरजा कमी ठेवल्या, आणि आजूबाजूच्या माणसांसाठी मागण्या मोठ्या ठेवल्या.

घरोघरी काय करता येईल?

बाबासाहेबांनी खेड्याबद्दल दिलेला इशारा आणि या दोघींचे खेड्यातले आयुष्य, यांत आम्हाला विरोध दिसत नाही. खेडे आहे तसे चांगले आहे, असे त्या दोघींनीही कधी मानले नाही. खेड्याने जे नाकारले होते, तेच मिळवण्यासाठी त्या तिथे राहिल्या.

आपल्या घरात आता पगार आहे, फ्लॅट आहे, कुणाचा मुलगा अमेरिकेत, कुणाची मुलगी लंडनला. त्यांना गावी परत या, झोपडीत राहा, असे कोणी सांगू नये. मिळवलेले सुख टाकून देण्याची गरज नाही. पण आपल्या लग्नसमारंभात लाखोंची उधळण होते, कर्ज काढून मंडप सजतो, तेव्हा साधेपणाचा विचार जरूर करावा. त्या खर्चातला एक भाग बाजूला काढला, तर गावाकडच्या एखाद्या मुलीचे पुण्यातले खोलीभाडे वर्षभर निघेल. आपल्या रिकाम्या खोलीत अभ्यासाला येणाऱ्या मुलाला, आडनाव न विचारता, जागा देता येईल. सुट्टीत गावी गेल्यावर समाजमंदिरात चार दिवस मुलांना गोष्टीची पुस्तके वाचून दाखवता येतील. आणि शहरात वाढलेला आपला नातू गावच्या भावंडाच्या ‘पानी’ला हसला, तर त्याला तिथल्या तिथे थांबवता येईल.

दोन बायका सातासमुद्रापलीकडून आल्या, आपली भाषा शिकल्या आणि आपल्या माणसांच्या हक्कांसाठी राबल्या. आपल्याला तर भाषा शिकण्याचेही कष्ट नाहीत, आणि गावाला जाणारी एस. टी. स्वारगेटवरून रोज सुटते.